कागद वेळेवर दिसला का?

कारभाराची पारदर्शकता कशावर मोजायची, हे लालबाग-परळला गिरण्यांच्या जमिनीने शिकवले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होते. गिरणीची जमीन विकासाला निघाली की एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, बाकीची मालकाला. २००१मध्ये हे कलम बदलले आणि वाटणी फक्त गिरणीतल्या मूळच्या मोकळ्या जागेपुरती उरली. शेड पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातूनच गेली. गिरणगावातल्या बहुतेकांना त्याचा अर्थ कळला तो टॉवर उभे राहू लागल्यावर. या बदलाविरुद्धच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याच सुमारास माहितीचा अधिकार हाती आला. आधी राज्याचा कायदा, त्यासाठी ऑगस्ट २००३मध्ये आझाद मैदानावर अण्णा हजारेंचे उपोषण, आणि १२ ऑक्टोबर २००५पासून देशाचा कायदा. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना भरायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवस थांबायचे. गिरगावच्या चाळीतल्या भाडेकरूला पुनर्विकासाचा मंजूर नकाशा, आयओडीच्या (बांधकामाच्या प्राथमिक मंजुरीपत्राच्या) अटी, संमतीपत्रांची यादी मागता येऊ लागली. विकासक तोंडी सांगतो ते आणि फाइलीत आहे ते ताडून पाहता येणे, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे २०१२मध्ये राज्याने अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. दुसरे अपील तर वर्षानुवर्षे रखडते.

तरीही हा अधिकार बहुधा निर्णय झाल्यानंतरचा कागद दाखवतो. निर्णयाआधी प्रस्ताव उघड्यावर चर्चिला जाण्याची जागा म्हणजे स्थायी समिती आणि सभागृह. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि थेट जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रस्ताव मांडणारे प्रशासन आणि मंजुरी देणारे प्रशासक, सगळे एकाच छपराखाली. विचारणारा नगरसेवकच नव्हता. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली मुंबईच्या कारभारातली ही सर्वांत मोठी पीछेहाट आहे.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १७ बाबींची माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची आहे. ती मागा. नोव्हेंबर २०१८च्या शासन परिपत्रकाने महापालिका कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले करायला सांगितले आहे. दादर पश्चिमचे असाल तर जी उत्तर, लालबाग-परळचे असाल तर एफ दक्षिण. आपल्या वॉर्ड ऑफिसात एकदा जाऊन फाइल मागून पाहा.