धडक झाली, तरी एअरबॅग उघडली का नाही? जाणून घ्या सेन्सर कसा घेतो निर्णय

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील दरेकसाजवळचा हाजरा फॉल धबधबा पाहायला पर्यटकांची गर्दी होते. सालेकसा तालुक्यातील हा रस्ता जंगलातून आणि वळणांतून जातो. सहलीच्या गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर मूल आणि मागे कुणाचाच बेल्ट नाही, हे चित्र नेहमीचे. ‘गाडीत एअरबॅग आहे ना’ हा भरवसा मात्र जिवावर बेतू शकतो.

सेन्सर नेमके काय मोजतो?

गाडीच्या पुढच्या भागात आणि केबिनमधील कंट्रोल युनिटमध्ये सेन्सर असतात. गाडी किती वेगात होती, यापेक्षा तो वेग किती झटक्यात कमी झाला, हे ते मोजतात. करकचून ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला दोन-तीन सेकंद लागतात. भिंतीवर आदळल्यावर ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. हा फरक ओळखूनच कंट्रोल युनिट आदेश देते. साधारणपणे भक्कम भिंतीवर १५ ते २५ किमी वेगाने आदळण्याइतका धक्का बसला, तर समोरची एअरबॅग उघडते.

एअरबॅग इतक्या लवकर फुगते कशी?

आदेश मिळताच ठिणगी पडते, रासायनिक गोळ्या पेटतात आणि तयार झालेल्या वायूने पिशवी फुगते. त्यासाठी सेकंदाचा ३० ते ४० हजारावा भाग नव्हे, तर हजार भागांपैकी जेमतेम ३० ते ४० भाग लागतात. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पिशवीला छिद्रे असल्याने ती लगेच रिकामीही होते. त्यामुळे पाठोपाठ दुसरी धडक झाली, तर आधार फक्त सीटबेल्टचा.

मग कधी कधी ती उघडत का नाही?

जंगलातील रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले, तर बंपर फुटतो. पण गाडीचा वेग फारसा कमी होत नाही. मागून धडक बसली किंवा गाडी उलटली, तरी समोरची एअरबॅग बहुधा उघडत नाही. बंपरपुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डमुळे सेन्सरपर्यंत धक्का वेगळ्या प्रकारे पोहोचू शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाईचे निर्देश राज्यांना दिले आहेत.

सीटबेल्ट नसेल तर?

एअरबॅग ही बेल्टला पूरक व्यवस्था आहे. बेल्ट नसेल, तर शरीर आधीच पुढे फेकले जाते आणि फुगत असलेल्या पिशवीवर आदळते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅग असलेली. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

मुलांना पुढे का बसवू नये?

एअरबॅगचा जोर मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने ठरलेला असतो. मुलाच्या बाबतीत तोच जोर डोक्यावर आणि मानेवर येतो. डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे पुढच्या सीटवरील सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला.

निघण्यापूर्वी हे तपासा

• गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो सुरूच राहिला, तर आधी सर्व्हिस सेंटर गाठा.
• छाती आणि स्टीअरिंग यांत किमान २५ सेंमी अंतर ठेवा.
• डॅशबोर्डवर पाय किंवा वस्तू ठेवू नका.
• सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, तर त्यावर जाड कव्हर चढवू नका.
• मुले मागच्या सीटवर, वयानुसार चाइल्ड सीट किंवा बेल्टमध्ये बसवा.
• मागच्यांनीही बेल्ट लावा. न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.