मुरलेला हिपॅटायटिस बी आणि दमलेल्या टी पेशी

मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण झाली, तर १०० पैकी ९५ च्या आसपास जण सहा महिन्यांच्या आत विषाणूला आटोक्यात आणतात. हीच लागण बाळाला जन्माच्या वेळी आईकडून झाली आणि लस मिळाली नाही, तर १० पैकी ९ बाळांच्या यकृतात विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडतो. विषाणू तोच असतो. फरक पडतो तो मुख्यतः टी पेशी त्याला कसा प्रतिसाद देतात यामुळे.

टी पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या तयार होतात. त्यांतले दोन गट आपण लक्षात ठेवू या: सीडी४ पेशी मदत करतात, इतरांना कामाला लावतात, सीडी८ पेशी प्रत्यक्ष हल्ला चढवतात.

आता लागणीपासून सुरुवात करू. विषाणू रक्तातून यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक गोल, चिवट प्रत करून ठेवतो. पुढचे सगळे विषाणू या प्रतीवरून निघतात. पण तो स्वतः पेशीला सहसा मारत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे आपल्याला काहीच होत नाही, आणि रोगप्रतिकारशक्तीलाही फारशी कुणकुण लागत नाही.

मग ओळख पटते. प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडत असते. टेहळणी करणाऱ्या काही पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे घेऊन लसिका ग्रंथीत, म्हणजे गळ्यात-काखेत गाठी येतात तशा ग्रंथीत, जातात. तो तुकडा जिला नेमका जुळतो अशी टी पेशी तिथे असते. ती झपाट्याने वाढते आणि तिची फौज यकृताकडे निघते.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. डोळे पिवळे झाले, एसजीपीटी हजारात गेलं, की आपल्याला वाटतं विषाणूने यकृत खाल्लं. खरं तर ती नासधूस टी पेशींच्या हल्ल्यातून होते, आणि तोवर रक्तातला विषाणू बऱ्याचदा उतरणीला लागलेला असतो. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं विकर, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन; पेशी फुटली की ते रक्तात उतरतं. कावीळ उतरवणाऱ्यांच्या माळेला जे श्रेय मिळतं, त्यातलं पुष्कळसं या सीडी८ पेशींचं आहे.

मात्र या पेशी नुसत्या मारत सुटत नाहीत. लागण यकृतभर पसरलेली असेल तर प्रत्येक पेशी मारणं म्हणजे माणूसच मारणं. म्हणून त्या इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्यं सोडतात आणि यकृतपेशी जिवंत ठेवून तिच्यातला विषाणू दाबतात. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत १९९० च्या दशकात उंदरांवर हे दिसलं. मला या साऱ्या कथेत सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग.

हे सगळं साधलं नाही आणि विषाणू सहा महिन्यांहून अधिक टिकला, की आजार जुनाट म्हणायचा. हा विषाणू आपल्या बाहेरच्या आवरणाचे पोकळ कण प्रचंड संख्येने रक्तात सोडतो. ते खऱ्या विषाणूच्या हजारपटीहूनही जास्त असतात. रिपोर्टमध्ये ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ येतं ते यांच्यामुळेच. सोसायटीत एखाद्या गाडीचा भोंगा रात्रंदिवस वाजत राहिला, की शेवटी कोणी खिडकीशीही येत नाही. टी पेशींचं काहीसं तसंच होतं.

हे दमणं टप्प्याटप्प्याने होतं. आधी त्यांची भराभर वाढण्याची ताकद जाते, मग लढाईची द्रव्यं एकेक करून आटतात, शेवटी काही पेशी मरूनच जातात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन वाढतं, ते ब्रेकचं काम करतं. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९२ मध्ये शोधलं. होंजोंना २०१८ चं नोबेल मिळालं. रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये, वेगळ्याच एका विषाणूचा जुनाट संसर्ग झालेल्या उंदरांत, हा ब्रेक काढला आणि दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या.

मग ब्रेक असतोच कशाला? त्याच अभ्यासात काही उंदरांना पीडी-१ चा ब्रेक दाबणारं जोडीदार प्रथिन जन्मतःच नव्हतं. ते या संसर्गात दगावले, आणि तेही आपल्याच टी पेशींच्या माऱ्याने. म्हणजे ही माघार शरीराला वाचवण्यासाठीही असते.

पण माघार पुरती नसते, आणि गडबड होते ती इथेच. दमलेल्या पेशी विषाणू संपवू शकत नाहीत, पण धुमसत राहतात; त्यांच्या मागोमाग सूज वाढवणाऱ्या इतर पेशी येतात. वर्षानुवर्षं व्रण धरत धरत यकृत कडक होतं. एसजीपीटी कधी चढतं, कधी उतरतं. म्हणून एकदा नॉर्मल आलं की फाइल कपाटात टाकू नये. तरुण वयात विषाणू कोटींच्या घरात आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल असंही असू शकतं, कारण टी पेशी तेव्हा फारशा भांडत नसतात.

टेनोफोविर, एंटेकाविर या गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती काढणं थांबवतात. टी पेशींना थोडी उसंत मिळते, पण केंद्रकातली ती चिवट प्रत तशीच राहते. रिपोर्ट चांगला आला म्हणून आपणच गोळी बंद केली, तर विषाणू उसळतो, टी पेशी तुटून पडतात आणि क्वचित यकृत निकामीही होतं. हिपॅटायटिस सीचं तसं नाही: त्याची केंद्रकात अशी प्रत नसते, त्यामुळे ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. तिथेही दमलेल्या टी पेशी मात्र पूर्ण पूर्वपदावर येत नाहीत, आणि पुन्हा लागण होऊ शकते.

शेवटची चूक ‘बऱ्या’ झालेल्यांची: विषाणू कायमचा गेला असं त्यांना वाटतं. त्यांच्या यकृतातही ती प्रत थोडीफार उरते. टी पेशी तिच्यावर पहारा ठेवतात. कॅन्सरची केमोथेरपी, रिटुक्सिमॅब हे औषध किंवा जास्त मात्रेतली स्टेरॉइड सुरू झाली की हा पहारा उठू शकतो. म्हणून असे उपचार सुरू करण्याआधी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसी, म्हणजे जुन्या लागणीची खूण सांगणारी तपासणीही, आपण डॉक्टरांकडे मागून घ्यावी.