यंत्राचे जुळे भावंड

अमेरिकेतील वेळेनुसार १३ एप्रिल १९७० च्या रात्री चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ यानातील ऑक्सिजनची एक टाकी फुटली. यान पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटर दूर होते आणि आत तीन अंतराळवीर होते. पृथ्वीवर मात्र प्रशिक्षणासाठी यानाच्या प्रतिकृती होत्या. उरलेल्या थोड्या विजेवर यानातील बंद यंत्रणा कोणत्या क्रमाने सुरू करावी, हे त्यांत आधी करून पाहिले गेले. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप परतले.

आज अशी प्रतिकृती संगणकात गणिताच्या रूपात ठेवता येते. खऱ्या यंत्रावरील संवेदक तापमान, दाब, कंपने मोजून तिला सतत कळवत राहतात. हीच ‘डिजिटल ट्विन’ किंवा अंकीय जुळे. मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली; २०१० च्या सुमारास नासामध्ये हे नाव वापरात आले.

याचे मर्म वर्गातही दाखवता येईल. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे आणि भांड्यातले पाणी ८० अंशांवरून दहा मिनिटांत ७० अंशांवर आले, असे समजू. खोलीपेक्षा असलेला जादा भाग ५० वरून ४० झाला, म्हणजे ०.८ पट. न्यूटनच्या शीतन नियमानुसार पुढील दहा मिनिटांत तो ३२ होईल; तापमापीने ६२ अंश दाखवायला हवेत. तिने ५८ दाखवले तर? कदाचित कोणी पंखा लावला असेल. म्हणजे गणित आणि मोजमाप यांतील फरकच आपल्याला बातमी देतो.

विमानाचे इंजिन, पवनचक्की, कारखान्यातील पंप यांच्याबाबत हेच केले जाते. एकाच नमुन्याची दोन इंजिने सारखी झिजत नाहीत. धुळीच्या प्रदेशात उडणाऱ्या विमानाचे इंजिन लवकर थकते. प्रत्येकाचे जुळे स्वतंत्र असल्याने ठरावीक तारखेची वाट न पाहता, गरज दिसताच दुरुस्ती करता येते.

मात्र एक सावधगिरी हवी. ५८ अंश दिसले, त्याचे कारण बिघडलेली तापमापीही असू शकते. किंवा आपले सूत्रच अपुरे असेल, कारण पाण्याची वाफ होऊन जाणारी उष्णता त्यात नीट धरलेली नसते. जुळे फक्त फरक दाखवते. त्याचे कारण शोधण्याचे काम माणसाचेच. विद्यार्थ्यांना हा प्रयोग देताना उत्तराऐवजी हा शोध त्यांच्यावर सोपवावा.