कासवाची अंडी फिरवू नयेत

कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. संतांनी तर तिला मायेचा दाखलाच करून टाकलं. खरी कासवी अगदी उलट वागते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा काढते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून ती अंगाने धोपटून बसवते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पिल्लांची आणि तिची गाठ पडत नाही. उबवायचं काम सगळं वाळूचं.

कोकणात हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी घरटं सापडलं की अंडी माणसं न्यायची, उरलीसुरली कोल्ह्याकुत्र्यांची. म्हणून अंडी उचलून कुंपणाच्या आत, म्हणजे हॅचरीत, हलवायची.

अंडी राखणारा गावकरी, म्हणजे कासवमित्र, उजाडायच्या आत किनाऱ्यावर फेरी मारतो. वाळूत कासवीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग दिसतो: एक डावा, एक उजवा, आलटून पालटून उमटलेला. माग जिथे वळतो तिथे वाळू विस्कटलेली असते, पण घरटं नेमकं कुठे ते लगेच कळत नाही. बारीक काठी हलकेच टोचत जायचं. घट्ट वाळूत काठी अडते. भुसभुशीत लागली की काठी बाजूला ठेवायची आणि हाताने उकरायचं. अंडं पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पांढरं, आणि कवच मऊ, चामड्यासारखं. बोट जोरात लागलं तर खळगा पडतो.

इथून पुढे घाई आणि सावकाशी दोन्ही लागतात. कोंबडी अंडी सारखी फिरवते, म्हणून आपल्याला वाटतं की अंडं फिरवणं चांगलंच. कासवाच्या अंड्यात काही तासांतच गर्भ वरच्या बाजूला, कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो पापुद्रा सुटतो आणि गर्भ मरतो. तेव्हा अंडी त्याच सकाळी हलवायची, आणि एकेक अंडं जसं होतं तसंच उचलायचं, गोल न फिरवता. अंडी न्यायच्या बादलीत तळाला घरट्यातलीच ओलसर वाळू घालायची.

हॅचरी भरतीच्या रेघेच्या वर. तिथे नवा खड्डा मूळ घरट्याच्या मापाचाच काढायचा: तोंड अरुंद, पोट फुगीर, सुगडासारखा. खोली जुन्या घरट्याची मोजून घेतलेली असते, कारण खोली बदलली की ऊब बदलते. अंडी अलगद रचायची, ओली वाळू आत, कोरडी वर. शेजारी पाटी: तारीख आणि अंड्यांची संख्या. दोन घरट्यांत अंतर हवं, कारण वाढणारे गर्भ स्वतःही ऊब देतात आणि श्वासही घेतात. गर्दी झाली तर वाळू तापते.

तापण्याचा संबंध नुसत्या जगण्या-मरण्याशी नाही. या कासवात नर की मादी हे ठरतं उबेवर, तेही उबवणीच्या मधल्या काळात. वाळू साधारण ३० अंशांच्या वर राहिली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर. एखाद्या उत्साही माणसाने दया येऊन घरट्यावर सावली धरली तर नकळत तो पिढीचा हिशेबच बदलतो.

मग पंचेचाळीस ते साठ दिवस कुणी काही करायचं नाही. मला विचाराल तर हेच सगळ्यात अवघड.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. आत पिल्लं चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने कवच फाडतात, पण लगेच वर येत नाहीत. कवचं फुटली की जागा मोकळी होते, वाळू खाली घसरते आणि सगळी मिळून तिच्यावर पाय देत दोन-तीन दिवसांत वर सरकतात. वरून बघणाऱ्याला पहिली खूण दिसते ती वाळूच्या मधोमध बशीएवढा खळगा. वाळू तापलेली असली की पिल्लं पृष्ठभागाखाली थांबतात. थंडावली की एकदम उसळतात. म्हणून टोपली रात्री आणि पहाटे पुन्हापुन्हा उचलून बघायची.

पिल्लं पाण्यात टाकायची नसतात. वाळूवर थोडं अंतर सोडून ठेवायची, ती आपली आपण चालतात, समोरच्या उजळ क्षितिजाकडे. किनाऱ्यावर दिवा लागला तर दिव्याकडे वळतात, म्हणून बॅटरी बंद.

हे पाहून आलेले काही जण विचारतात, घरी टबात वाळू घालून जमेल का. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. अंडं घरी नेणं हा गुन्हा. हॅचरीदेखील वनखात्याच्या देखरेखीत चालते.

पिल्लं गेली की काही दिवसांनी घरटं उकरतात. रिकामी कवचं मोजायची, न फुटलेली अंडी वेगळी काढायची, कधी तळाशी अडकलेलं एखादं जिवंत पिल्लू सापडतं, ते त्याच संध्याकाळी पाण्याच्या दिशेने सोडायचं. आकडे वहीत उतरतात आणि पाटी उपटून पुढच्या घरट्याला लागते.