मनमाड मेल दादरला थांबत नाही

१९१० साली वांद्र्याचे एक मॅजिस्ट्रेट शिर्डीला निघाले. नाव गोविंद रघुनाथ दाभोलकर. बेत साधा होता. वांद्र्याहून लोकलने दादर गाठायचे आणि तिथून मनमाडकडे जाणारी मेल धरायची. लोकल सुटता सुटता एक मुसलमान गृहस्थ डब्यात चढला. सामानसुमान पाहून त्याने कुठे निघालात म्हणून विचारले आणि सांगितले, दादरला उतरू नका, मेल तिथे थांबतच नाही, सरळ बोरीबंदर गाठा. दाभोलकरांनी ऐकले, गाडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठरल्याप्रमाणे शिर्डीत पोहोचले. पुढे ‘श्रीसाईसच्चरित’ लिहिताना त्यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला, तोही साईबाबांची लीला म्हणून.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्याच्याकडे पाहणारा माणूस आपोआप उघडा पडतो. भाविकाला त्यात योजना दिसते. मनमाडच्या एखाद्या निवृत्त तिकीट तपासनिसाला विचारले तर तो म्हणेल, त्या गृहस्थाला टाइमटेबल पाठ होते, एवढेच. दोघांपैकी कोणालाही खोटे पाडता येत नाही.

दाभोलकर तर मुळात जायलाच तयार नव्हते. नानासाहेब चांदोरकर आणि काकासाहेब दीक्षित या साईभक्तांनी आग्रह केला होता, निघायची तयारीही झाली होती. तेवढ्यात लोणावळ्याला त्यांच्या एका मित्राचा एकुलता एक मुलगा आजारी पडून गेला. औषधे झाली, मंत्र-अंगारे झाले, मित्राचे गुरू मुलाच्या उशाशी बसले, तरी मूल वाचले नाही. दाभोलकरांनी कायदा शिकलेल्या माणसासारखा प्रश्न केला. गुरूला प्रारब्ध टाळता येत नसेल तर गुरू हवाच कशाला? जे व्हायचे ते होणारच असेल, तर शिर्डीची खेप कशासाठी? जाणे रहित झाले. पुढे चांदोरकरांनी गाठून चार शब्द सुनावले, तेव्हा कुठे ती लोकल आणि तो डबा.

शिर्डीत पहिल्याच दिवशी साठ्यांच्या वाड्यात त्यांचे बाळासाहेब भाट्यांशी कडाक्याचे वाजले. भाटेही सरकारी चाकरीतले, मामलेदार. दाभोलकरांचे म्हणणे असे की माणसाने आपले आपण करावे, हातपाय हलवावेत. आळशाला गुरू काय देणार? भाट्यांचे म्हणणे उलटे: होणारे चुकत नाही, भल्याभल्यांची हुशारी नशिबापुढे चालत नाही. गंमत पाहा. लोणावळ्याच्या बातमीनंतर प्रारब्धाची बाजू घेणारा माणूस आता यत्नाचा वकील झाला होता. आपली सगळ्यांचीच मते अशी हवेवर फिरतात. दुसऱ्याचे दुःख पाहिले की दैव खरे वाटते आणि आपल्या बढतीचे पेढे वाटताना कष्ट. वाद तासभर चालला, निकाल लागला नाही, मनःशांती मात्र गेली. मंडळी मशिदीत गेली तेव्हा बाबांनी विचारले, वाड्यात काय चालले होते, वाद कशाचा होता, आणि हे हेमाडपंत काय म्हणाले? देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, त्याच्यावरून हे नाव. दाभोलकरांना ते आपल्या वादखोरपणाला मारलेला चिमटा वाटले आणि आयुष्यभर त्यांनी ते मिरवले.

वादाचा निकाल बाबांनीही दिला नाही, हे माझ्या मते त्या प्रसंगातले सर्वांत शहाणपणाचे. त्यांनी वाटेची गोष्ट सांगितली: वाट अवघड आहे, वाटेत वाघ-लांडगे आहेत, वाटाड्या असला तर धोका टळतो. चालायचे तर स्वतःच्याच पायांनी. गीतेच्या अठराव्या अध्यायातला हिशेबही असाच वाटणीचा आहे. कोणत्याही कर्माची कारणे पाच: जागा, करणारा, साधने, नाना खटपटी, आणि पाचवे दैव. पाचातला एक वाटा. भाटे तो पाचही मानत होते आणि दाभोलकर शून्य.

त्या काळी शिर्डीची वाट मनमाडवरूनच जाई. इथे गाडी बदलून कोपरगाव, तिथून टांग्याने पुढे. २००९ साली साईनगर शिर्डी स्थानक सुरू होईपर्यंत रेल्वेने येणारा साईभक्त मनमाडला नाहीतर कोपरगावला उतरत असे. एक फाटा भुसावळकडे, एक दौंडकडे, एक संभाजीनगर-नांदेडकडे. नव्वदच्या दशकापर्यंत मराठवाड्याकडची लाइन मीटरगेज होती, तेव्हा सगळ्यांनाच इथे बोचकी उचलून गाडी बदलावी लागे. नांदेडच्या तख्ताकडे जाणारे शीखही याच फलाटावर. गावात गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरात कोणाचीही पंगत बसते. शिखांच्या शिकवणीत ‘हुकूम’ हा मोठा शब्द. सृष्टीत जे घडते ते त्याच्या हुकमाने. यावरून कोणाला वाटेल की मग हातावर हात ठेवून बसावे. पण सेवेवर इतका भर देणारा दुसरा पंथ शोधून दाखवावा लागेल. हुकूम मानणारा माणूस भल्या पहाटे उठून कणीक मळतो. नियतीवरची श्रद्धा आणि निष्क्रियता यांची जोडी आपण समजतो तितकी पक्की नाही.

मनमाडच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर अंकाई-टंकाई ही जुळी दुर्गजोडी. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान. जत्रेकरू तिथे जातात आणि पायथ्याची जैन लेणी घाईत ओलांडून जातात. अकराव्या-बाराव्या शतकातली मानली जाणारी ही लेणी या लेखाच्या दृष्टीने अगस्तींहून महत्त्वाची, कारण तिथल्या तीर्थंकरांकडे मागायचे काहीच नसते. जैन विचारात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, न्याय करणाराही नाही. कर्म तिथे अगदी सूक्ष्म द्रव्य आहे. क्रोध-लोभाने ते जिवाला चिकटते, तपाने झडते. फळ द्यायला वर कोणी बसलेला लागत नाही. म्हणजे देव नाही, पण हिशेब आहे, आणि तो कोणाच्या रदबदलीने माफ होत नाही.

महावीरांच्या काळात याहून कडक मत बाळगणारे आजीवक होते, मक्खली गोशालाचे अनुयायी. त्यांच्या मते सगळे आधीच ठरलेले, यत्न हा निव्वळ भास. ‘उपासकदशांग’ या जैन आगमात सद्दालपुत्र नावाच्या आजीवक कुंभाराची गोष्ट येते. त्याची मडकी उन्हात वाळत ठेवलेली. महावीर विचारतात, ही मडकी यत्नाने झाली की यत्नावाचून? कुंभार मताला जागून सांगतो, यत्नावाचून. जे व्हायचे होते ते झाले. मग महावीर विचारतात, कोणी येऊन ही मडकी फोडली, किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला, तर काय करशील? झोडपून काढीन, कुंभार म्हणतो. मग नियती कुठे राहिली? नियतीवादाची इतकी घरगुती उलटतपासणी मी दुसरीकडे वाचलेली नाही. प्रश्न ईश्वराच्या अस्तित्वाचा नाहीच. माणूस दोष कोणाला देतो, यावर सारी पकड आहे.

हाच प्रश्न सुमारे पंचवीस शतके पुढे आणला की आपण मनमाड स्टेशनात येऊन उभे राहतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला इथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे गाजलेले प्रतिपादन याच परिषदेतले. मला मात्र त्या भाषणातला दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग जास्त बोलका वाटतो. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो? त्याला हमालाची नोकरीसुद्धा का मिळत नाही? बाबासाहेबांनी कारण उलगडून दाखवले. स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसा घेणार? म्हणून त्याला हमालच करायचे नाही. वर्कशॉपात कारागिराची जागा मिळत नाही, त्यामागेही असेच शिवाशिवीचे कारण. रुळांवर खडी टाकणारा गँगमन ज्याला कपाळीचे लिहिणे समजत होता, ते लिहिले होते स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात.

त्याआधी अडीच वर्षे, १३ ऑक्टोबर १९३५ला, इथून पाऊण तासावरच्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. मागे नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह होता, २ मार्च १९३०ला सुरू झालेला आणि वर्षानुवर्षे दाराशी अडलेला. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना स्वच्छ नाकारली. गरिबाचे हाल त्याच्या पूर्वजन्माच्या खात्यावर टाकले की समाज आणि राज्य जबाबदारीतून सुटतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. अंकाईच्या लेण्यातला साधक आणि येवल्याचा अनुयायी, दोघेही जगाचा कर्ता मानत नाहीत. पण एकाला हे दुःख आपण जुन्या जन्मात कमावलेले वाटते, दुसऱ्याला ते आजच्या व्यवस्थेने दिलेले. भावकी असूनही वाटणी वेगळी.

आता शनीकडे वळू. त्याला टाळून नशिबावर लिहिणे मराठी माणसाला जमणार नाही. मनमाडच्याच नांदगाव तालुक्यात नस्तनपूरला शनिदेवाचे मोठे स्थान आहे आणि शनी अमावस्येला तिथे रीघ लागते. साडेसातीचा हिशेब साधा आहे. शनी साधारण साडेएकोणतीस वर्षांत राशिचक्र फिरतो, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, मिळून साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यातली साधारण चौथाई माणसे रोज साडेसातीत मुंबईला जातात आणि साडेसातीतच घरी येतात. तरी तेल वाहणाऱ्याला मी हसणार नाही. तो नियती मानतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो नियतीशी घासाघीस करायला आलेला असतो. जे अटळ आहे, त्यासाठी कोणी तेलाची बाटली घेऊन रांगेत उभे राहत नाही.

घासाघीस वेगळी आणि भाकित वेगळे. भाकिताची परीक्षा घेता येते, आणि ती महाराष्ट्रात घेतली गेली. २००८ साली जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी केली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवून विचारले, यातली कोणती कोणत्या गटातली? एक्कावन्न ज्योतिष्यांनी तयारी दाखवली, उत्तरे सत्तावीस जणांची आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते.

या चाचणीतले दाभोलकर आणि ‘सच्चरित’ लिहिणारे दाभोलकर यांचे आडनाव तेवढे एक. पण ईश्वराबद्दल नरेंद्र दाभोलकरांची भूमिका अनेकांना वाटते तशी नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या प्रश्नावर तटस्थ आहे, विरोध आहे तो देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला, असे ते सांगत. डॉ. श्रीराम लागू मात्र ‘परमेश्वराला रिटायर करा’ म्हणणारे. या दोघांनी ‘विवेकजागर’ या नावाने गावोगावी एकाच व्यासपीठावरून जाहीर वाद-संवाद केले. एक म्हणे देव ही कल्पनाच टाकून द्या, दुसरा म्हणे माणसाची श्रद्धा तपासून घ्या, पण हिसकावू नका. लागूंचा तरुण मुलगा तन्वीर रेल्वेने जाताना बाहेरून आलेल्या दगडाने गेला. लोणावळ्याच्या मृत्यूने दाभोलकर मॅजिस्ट्रेट हलले होते. लागूंनी अशा घावानंतरही दैवाला साक्षीला बोलावले नाही. ते कोणाच्या गणितात कसे बसते, हे ज्याने त्याने पाहावे. मला त्या दोघांपैकी कोणाचीच श्रद्धा-अश्रद्धा तोलण्याचा अधिकार वाटत नाही.

मनमाडकरांचे स्वतःचे दैव म्हणजे पाणी. वागदर्डी धरण भरले नाही की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी येते. अशा वर्षी पावसासाठी दुआ मागितली जाते, अभिषेक होतात, आणि नगरपालिकेवर हंडा मोर्चाही निघतो. या तिन्ही ठिकाणच्या गर्दीतली माणसे वेगवेगळी नसतात. पावसाचे गाऱ्हाणे एका खिडकीवर, पाइपलाइनचे दुसऱ्या, ही वाटणी इथल्या बायकांनी कोणतेही शास्त्र न वाचता करून ठेवली आहे. दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून जलवाहिनीने पाणी आणायची योजना पुढे रेटली गेली, ती दुसऱ्या खिडकीवर भांडूनच.