नाचाची पहिली परीक्षा : तयारी घरच्या अंगणात

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत बेंजो वाजू लागला की पेण असो वा रोहा, आपली मुले सर्वांच्या पुढे होऊन नाचतात. त्यांतलीच एखादी मुलगी घरी येऊन सांगते, "आई, मला स्ट्रीट डान्सच्या पहिल्या परीक्षेला बसायचंय." धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले वडील विचारतात, "नाचाची कसली परीक्षा? आणि तिचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. फीचे पैसे घामाचे असतात.

प्रथम हा नाच कोणाचा, ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने, शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून, आपल्या इमारतीत तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिचा भाऊ कूल हर्क तबकड्या वाजवत होता. गाण्यातला केवळ तालाचा तुकडा तो दोन तबकड्यांवर लांबवी आणि त्या तुकड्यावर पोरे नाचत. त्यातून 'ब्रेकिंग' वाढले. गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्तीतल्या मुलांचा हा नाच २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. महिलांचे सुवर्णपदक जपानच्या अमीने जिंकले. तेव्हा 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही' असे म्हणण्याचे कारण नाही.

पहिल्या पातळीवर डोक्यावर गिरक्या घेणे अपेक्षित नसते. साधारणपणे चार गोष्टी पाहतात : ताल सुटतो का, मान-खांदे-छाती-कंबर वेगवेगळी हलवता येतात का, उभ्याने टाकायच्या साध्या पावलांत सफाई आहे का, आणि बसवलेला छोटा नाच न अडखळता पूर्ण होतो का. पावलांची नावेही विचारली जाऊ शकतात. अभ्यासक्रम संस्थेगणिक बदलतो, म्हणून तो लेखी मागून घ्यावा.

तयारीला रोज अर्धा तास पुरतो. पाच मिनिटे जागच्या जागी हलके धावून अंग गरम करावे. दहा मिनिटे एक ते आठ मोठ्याने मोजत पावले टाकावीत, आधी गाण्याशिवाय आणि सावकाश. मोजणी जमली की गाणे लावावे. पुढची दहा मिनिटे बसवलेला नाच, आणि शेवटी अंग ताणून सैल सोडणे. मोजायला आईने किंवा धाकट्या भावाने बसावे. नाच येत नसला तरी आठपर्यंत मोजता येतेच! आठवड्यातून एकदा घरच्यांसमोर, न थांबता, पूर्ण नाच करून दाखवावा. परीक्षेतली भीती तिथेच मोडते.

आपल्याकडे पावसाळ्यात अंगण निसरडे होते. तेव्हा समाजमंदिराचे सभागृह विचारून घ्यावे. चपला नकोत. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. टीव्हीवर पाहून कोलांट्या मारू नयेत. मनगट किंवा मान दुखावली तर परीक्षा राहील आणि शाळाही बुडेल.

आता पैशांचे. फी भरण्यापूर्वी शिकवणी, परीक्षा, पोशाख आणि प्रवास यांचा एकूण खर्च विचारावा. परीक्षा पनवेल-मुंबईस असेल तर रोह्याहून रेल्वेचे वेळापत्रक पाहूनच 'हो' म्हणावे. दहावीला शास्त्रीय नृत्य, लोककला, चित्रकला यांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. स्ट्रीट डान्सचे प्रमाणपत्र त्यात धरले जाईल असे मात्र समजू नये. शाळेत विचारून खात्री करावी.

मग उपयोग काय? रोज ठरल्या वेळी उठून, चुकलेले पाऊल पुन्हा टाकून, अनोळखी परीक्षकासमोर मान वर करून उभे राहण्याची सवय लागते. ती गणिताच्या पेपरलाही उपयोगी पडते आणि उद्या नोकरीच्या मुलाखतीतही. खर्च झेपत नसेल तर परीक्षा पुढच्या वर्षी द्यावी. सराव मात्र आजपासून सुरू करावा. अंगण आपलेच आहे.