मधुमेह नसतानाही किडनीच्या रुग्णांना मधुमेहाची गोळी का दिली जाते?

'शुगर तर नॉर्मल आहे, मग ही शुगरची गोळी कशाला?' किडनीचा आजार असलेल्या रुग्णांच्या घरी हल्ली हा प्रश्न निघतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं इंटरनेटवर शोधली की बऱ्याच ठिकाणी 'टाइप २ मधुमेहावरचं औषध' अशीच ओळख दिसते. डॉक्टरांकडून काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका येणं मग साहजिक आहे.

पण ही चूक नसते. गेल्या दहा वर्षांत झालेल्या मोठ्या वैद्यकीय चाचण्यांमधून असं दिसलं की, ही औषधं किडनी निकामी होण्याचा वेग कमी करतात आणि तेही मधुमेह असो वा नसो. विशेष म्हणजे, याचा पहिला ठोस धागा ज्या चाचणीत सापडला ती किडनीसाठी नव्हतीच. हे औषध हृदयाला घातक तर नाही ना, एवढंच तिच्यात आधी तपासायचं होतं.

ही गोळी नेमकं काय करते?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवासोबत रक्तातली साखरही गाळली जाते. पण निरोगी माणसाच्या लघवीत साखर जवळपास नसते, कारण किडनी ती पुन्हा शोषून रक्तात परत पाठवते. यातलं सुमारे ९० टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं एक प्रथिन करतं. ते साखरेसोबत सोडियमही परत घेतं.

ही गोळी या प्रथिनाला अडवते. त्यामुळे काही साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि रक्तातली साखर उतरते.

या कल्पनेचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा केला. त्याने लघवीत साखर उतरते, हे जर्मन डॉक्टर जोसेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवलं. पण फ्लोरिझिन तोंडाने घेतलं तर नीट शोषलं जात नाही आणि आतड्यांतल्या साखरेच्या शोषणातही अडथळा आणतं. म्हणून त्यात बदल करून फक्त एसजीएलटी-२ वर नेम धरणारी औषधं तयार करण्यात आली. २०१२ ते २०१४ या काळात युरोप आणि अमेरिकेत त्यांना मधुमेहावरची औषधं म्हणून मंजुरी मिळाली.

एका वादामुळे नियम बदलले

तोपर्यंत मधुमेहाच्या औषधाची परीक्षा मुख्यतः एका आकड्यावर होत असे. तो आकडा म्हणजे एचबीए१सी, साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. आकडा उतरला की औषध चांगलं.

२००७ मध्ये या गृहितकाला धक्का बसला. रोसिग्लिटाझोन हे औषध साखर उतरवत होतं, पण हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन आणि त्यांच्या सहकारी कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा हे औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका जास्त असल्याचं दिसलं. मोठा वाद झाला. २०१० मध्ये भारतात या औषधावर बंदी आली. पुढे अधिक माहिती तपासल्यावर अमेरिकेने २०१३ मध्ये त्यावरचे निर्बंध बरेच शिथिल केले. मात्र मधल्या काळात एक महत्त्वाचा बदल झाला होता.

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने कंपन्यांना सांगितलं की, मधुमेहाच्या नव्या औषधाने साखर उतरते एवढं दाखवून भागणार नाही, त्याने हृदयाचा धोका वाढत नाही हेही सिद्ध करा. त्यासाठी हजारो रुग्णांवर, काही वर्षं चालणाऱ्या चाचण्या करणं भाग पडलं.

२०१५: निकालाने तज्ज्ञही चकित झाले

अशीच एक चाचणी एम्पाग्लिफ्लोझिनवर झाली. टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार असे दोन्ही असलेले ७,०२० रुग्ण त्यात होते. काहींना औषध दिलं, तर काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही.

२०१५ मध्ये निकाल आला. प्लासिबो घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ६ जणांचा मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने झाला होता. औषध घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४ होतं. पुढच्या वर्षी याच चाचणीतली किडनीची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा औषध घेणाऱ्यांच्या किडन्याही कमी वेगाने बिघडत असल्याचं दिसलं.

दोन्ही गटांमधल्या साखरेत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे हा फायदा केवळ साखर उतरल्यामुळे झाला, असं म्हणता येत नव्हतं.

मग किडनीसाठी वेगळ्या चाचण्या

किडनीच्या रुग्णांसाठी ही बातमी मोठी होती. मधुमेहाने खराब होणाऱ्या किडनीसाठी लोसार्टन आणि इर्बेसार्टन या रक्तदाबाच्या औषधांचा उपयोग २००१ मध्ये सिद्ध झाला होता. त्यानंतर जवळपास दोन दशकं त्या तोडीचं नवं औषध मिळालं नव्हतं.

२०१९ मध्ये क्रेडेन्स या चाचणीचा निकाल आला. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या ४,४०१ रुग्णांना आधीच्या औषधांसोबत कॅनाग्लिफ्लोझिन किंवा प्लासिबो देण्यात आलं होतं. फायदा इतका स्पष्ट होता की ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवण्यात आली.

२०२० मध्ये डापा-सीकेडी आली. भारतासह २१ देशांतल्या ४,३०४ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. त्यांनाही फायदा झाला. ही चाचणीसुद्धा लवकर थांबवण्यात आली. त्यानंतर २०२२ मध्ये एम्पा-किडनी या ६,६०९ रुग्णांच्या चाचणीने हेच दाखवलं. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता.

'३९ टक्के फायदा' म्हणजे नेमकं किती?

डापा-सीकेडीच्या बातम्यांमध्ये 'धोका ३९ टक्क्यांनी घटला' असं छापून आलं. याचा अर्थ १०० पैकी ३९ रुग्ण वाचले, असा होत नाही.

चाचणीत गंभीर घटना मोजल्या गेल्या. किडनीचं काम निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटणं, किडनी पूर्ण निकामी होणं, किडनी किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू होणं, या त्या घटना. साधारण २.४ वर्षांत प्लासिबो घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी १४ ते १५ जणांच्या बाबतीत असं काही घडलं. औषध घेणाऱ्यांमध्ये ही संख्या ९ होती. म्हणजे साधारण १९ रुग्णांनी एवढा काळ गोळी घेतली, तर त्यातल्या एकाची अशी गंभीर घटना टळते.

वैद्यकशास्त्रात हा फायदा चांगलाच मोठा मानला जातो. पण गोळी घेऊनही काहींची किडनी बिघडते, हेही त्याच आकड्यांत दिसतं. हे औषध आजार बरा करत नाही, त्याचा वेग कमी करतं. डायलिसिसची वेळ काही वर्षं पुढे गेली, तरी रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

किडनी वाचते कशी?

याची अनेक कारणं सांगितली जातात. त्यातलं मुख्य कारण दाबाशी संबंधित आहे. आजारी किडनीत गाळणीचं काम करणाऱ्या बारीक केशवाहिन्यांच्या गुच्छांवर जास्त दाब असतो. त्या जोरात काम करतात आणि लवकर झिजतात. ही गोळी घेतल्यावर जास्त सोडियम पुढे जातं. ते ओळखून किडनी स्वतःच गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी थोडी आकसून घेते आणि आतला दाब उतरतो.

म्हणूनच गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसू शकतं. रिपोर्ट पाहून घाबरायला होतं आणि काही जण गोळी बंद करतात. पण ही थोडी वाढ बहुतेकदा अपेक्षितच असते. पुढच्या काळात किडनीची घसरण मंदावते. वाढ किती झाली तर काळजी करायची, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

कोणी सावध राहायचं?

लघवीत साखर जात असल्याने जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. कीटोॲसिडोसिस हा दुर्मीळ पण गंभीर धोका आहे. यात रक्तात आम्लं साठतात आणि साखर फार वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं. त्यामुळे मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर 'शुगर तर बरी आहे' म्हणून दुर्लक्ष करू नये.

उलट्या-जुलाब सुरू असताना किंवा जेवणच जात नसताना ही गोळी सहसा थांबवायला सांगतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस ती बंद करतात. एकादशी, नवरात्र किंवा रोजे असे कडक उपास करणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांसाठी धोका अधिक असतो. पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्यांना डापा-सीकेडी आणि एम्पा-किडनी या चाचण्यांत घेतलंच नव्हतं. त्यामुळे तिथले निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भारतात याचं महत्त्व काय?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि मधुमेह हे किडनी खराब होण्याचं एक प्रमुख कारण आहे. सुरुवातीला ही औषधं महाग होती. डापाग्लिफ्लोझिनच्या जेनेरिक गोळ्या २०२० पासून भारतात मिळू लागल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि त्याचीही स्वस्त रूपं बाजारात आली.

आता अडचण आहे ती आजार वेळेत कळण्याची. किडनी बरीच खराब होईपर्यंत सहसा काही दुखत नाही. त्यासाठी दोन तपासण्या लागतात. एक रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीची गाळण्याची क्षमता म्हणजे ईजीएफआर काढतात. दुसरी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची. अनेकदा पहिली होते आणि दुसरी राहून जाते. पण क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही लघवीतून प्रथिन जात असू शकतं आणि किडनीच्या त्रासाची ती सुरुवातीची खूण असते.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करून घ्याव्यात. गोळी कितीही चांगली असली, तरी आजार वेळेत कळला तरच तिचा पुरता उपयोग होतो.